जावयाचं यंत्र

आमच्या गावात ऋतू किती असं कोणी विचारलं तर मी हल्ली दोनच सांगतो, थंडी आणि धूर. ऑक्टोबरात पडलेला बर्फ एप्रिलपर्यंत हलत नाही. कडाक्याच्या थंडीत रिफायनरीच्या चिमण्यांमधली वाफदेखील वर जात नाही, छपरांच्या उंचीवर पसरून बसते आणि भरदुपारी गाडीचे दिवे लावावे लागतात. मग कधीतरी बर्फ वितळतो, चिखल होतो, चिखल वाळतो, माणूस म्हणतो चला, जरा मोकळी हवा घेऊ. नेमकी त्याच आठवड्यात उत्तरेकडची जंगलं पेटतात. मे महिन्यात डोक्यावरचा सूर्य लालभडक दिसायला लागतो आणि टीव्हीवरची बाई हसत हसत सांगते, बाहेर जाणं टाळा. अहो बाई, सहा महिने आम्ही दुसरं काय केलं?

गाव एडमंटनपासून अर्ध्या तासावर आहे. एका बाजूला रिफायनऱ्यांची रांग, बाकी तिन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर सपाट माळ. मी इथल्याच एका रिफायनरीत, तेलातून गंधक काढायच्या युनिटवर, सगळी नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. आमच्या युनिटमधला वायू मोठा लबाड. थोडा असला की सडक्या अंड्यांसारखा वास येतो, जास्त झाला की नाक मरतं आणि वास यायचाच थांबतो. म्हणून नाकावर विश्वास ठेवणं आमच्या नियमात बसत नव्हतं. छातीवर मीटर लावायचा, मीटर सांगेल ते खरं. गावातले लोक 'आज काय घाण वास सुटलाय' म्हणून तक्रारी करायचे, तेव्हा मी मीटर बघायचो आणि म्हणायचो, काही नाही, तुमच्या मनाचे खेळ आहेत.

तर या वर्षी आमच्या अवंतिकाचं पहिलं बाळंतपण होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा उमाचा हट्ट. उमा म्हणजे माझी बायको. अवंतिका इथेच जन्मली, इथेच शाळेत गेली. माहेर म्हणजे काय ते तिला आईनंच शिकवलं. ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, एटोबिकोला कॉन्डोत राहते, नवरा नंदन तिथेच कंप्युटरच्या कंपनीत आहे. सातवा सरता सरता ती विमानानं आली, एप्रिलअखेर मुलगी झाली, आणि ठरलं असं की सव्वा महिना मायलेकींनी इथे राहायचं, बारसं आमच्या घरात करायचं, मग जायचं.

मला हे फार हवं होतं. स्पष्टच सांगतो. अवंतिका युनिव्हर्सिटीसाठी घराबाहेर पडली ती पडलीच. नाताळात तीन-चार दिवस यायची, त्यातले दोन मैत्रिणींकडे. मुलगी पुन्हा घरात सलग तीन महिने राहील आणि मांडीवर नात असेल, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. आता त्या दोघी वरच्या खोलीत होत्या आणि त्यांना बारशापर्यंत कोणी हलवायला आलं असतं तर मी भांडलो असतो.

आला तो जावईच. म्हणजे स्वतः नाही, त्याचं यंत्र आलं. नंदनराव नाशिकचे. शिकायला आले, राहिले, पीआर म्हणजे कायमचे रहिवासी झाले. माणूस गरीब स्वभावाचा, कधी आवाज चढवायचा नाही, आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडताही येत नाही. बाळ बघायला येऊन परत जाताना त्यांनी बाळाच्या खोलीबाहेर भिंतीवर एक पांढरी डबी लावली. हवेतला धूर मोजायची. तिचा आकडा त्यांना एटोबिकोत बसून फोनवर दिसणार.

"बाबा, फक्त मॉनिटर करायला," ते म्हणाले. "आतला आकडा सारखा पस्तीसच्या वर जायला लागला तर मी दोघींना तिकडे घेऊन जाईन. तुम्ही प्लीज रागावू नका."

मी हसून हो म्हटलं. मीटरवाला माणूस मी, मला मीटरची काय भीती? जावई गेले आणि चौथ्या दिवशी धूर आला.

पहिल्यांदा मी घर बांधून काढलं. सगळ्या खिडक्यांच्या फटींना टेप मारली. ड्रायरच्या नळीत गोणपाट कोंबलं. घर गरम करणाऱ्या फर्नेसला सगळ्यांत महागाचा फिल्टर घातला, मोठ्या पंख्याला मागून दुसरा फिल्टर बांधून तो जिन्यात उभा केला, पुढच्या दाराखाली ओला टॉवेल. बाहेर आकडा दोनशेच्या पुढे आणि आत बारा, चौदा. मी डबीचा फोटो काढून जावयांना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला. मला वाटलं जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता उरकून मी बेसमेंटमध्ये गेलो, तेवढ्यात फोन.

"बाबा, एकशे चाळीस झालाय. काही ओपन राहिलंय का?"

मी धावत वर आलो. सगळं बंद. एकही टेप सुटलेली नाही. तासाभरानं आकडा आपोआप खाली आला. मी म्हटलं, असेल, कोणीतरी दार उघडलं असेल. पण तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. रोज सकाळी, नाश्ता झाला की आकडा चढायचा, दुपारपर्यंत उतरायचा. आणि रोज फोन. "बाबा, परत गेला बघा." अगदी नम्रपणे. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

माझं डोकं फिरायची वेळ आली. सकाळी हवेचा दाब बदलत असेल म्हणून मी दाबाचे तक्ते बघितले. पोटमाळ्यावर चढून इन्सुलेशन चाचपलं. शेजारच्या फिलिपिनो रॉनीला घेऊन फर्नेसची नळी तपासली. तो बिचारा खोकत आला, खोकत गेला. सकाळची ती वेळ माझी बेसमेंटमध्येच जायची, कारण तेव्हा वर बाळंतिणीची आंघोळ, बाळाची आंघोळ, तेल, शेक असं उमाचं राज्य असायचं आणि पुरुषानं जिना चढायचा नाही असा हुकूम होता. मी खाली बसून भिंतींना हात लावून झुळूक शोधत होतो. त्यात गॅरेजमधली पट्ट्यांची घडीची खुर्ची सापडेना. तिच्यावर चढून मला वरची फट बघायची होती.

"अगं, ती लॉन चेअर कुठे गेली?" मी जिन्याखालून ओरडलो.

"मी घेतलीये, अवीला बसायला," वरून उत्तर आलं. मी म्हटलं, ठीक आहे, बसू दे.

जेवताना मी उमावर चिडायचो. "तू मागचं दार उघडतेस. कचरा टाकायला जातेस आणि दोन मिनिटं रॉनीच्या बायकोशी बोलत बसतेस. ती दोन मिनिटं पुरतात."

"मी दार उघडलेलं नाही," उमा म्हणायची. "तुम्ही आणि तुमचा आकडा. बाळ दूध पितंय, झोपतंय, अंग धरतंय. त्या डबीला काय कळतं?"

"बाबा, इट्स फाइन," अवंतिका म्हणायची. "नंदनला मी सांगेन." पण ती नीट झोपलेली नसायची, तिला वादात ओढणं बरं नव्हतं, म्हणून मी पुन्हा बेसमेंटमध्ये जायचो.

शेवटी जावयांनी फोन करून सांगितलं, उद्या येतोय, बघू आणि ठरवू. ठरवू म्हणजे काय ते मला कळलं. दोघींना घेऊन जाणार. बारशाला मी एडमंटनच्या मंडळातल्या सगळ्यांना बोलावलं होतं, पाळण्याला रंग दिला होता. त्या रात्री मी पुन्हा एकदा सगळ्या टेपांवरून बोट फिरवलं. इतका वैताग मला प्लांट बंद पडला तेव्हाही आला नव्हता.

नंदनराव सकाळच्याच विमानानं आले. धुरामुळे टॅक्सीवाला हळू चालवत होता म्हणून उशीर झाला, तरी नाश्त्यानंतरची ती नेमकी वेळ त्यांनी गाठली. मी दार उघडलं, पटकन आत घेतलं, टॉवेल परत लावला. ते बूट काढायला वाकले आणि तसेच थांबले. एकदा श्वास घेतला. मग सरळ झाले, तोंडावरचा मास्क काढला, आणि हसायलाच लागले.

"बाबा, धुरी देताय होय!"

"कसली धुरी?"

"अहो, ओव्याची. शेपा, वावडिंग, लसणाची सालं... आमच्या ताईच्या वेळी आईनं घर असंच भरून टाकलं होतं. रस्त्यापर्यंत वास जायचा."

 मी हुकूम मोडून जिना चढलो. वरच्या पॅसेजमध्ये स्मोक अलार्मला उमानं शॉवर कॅप घातली होती. खोलीचं दार लोटलेलं. आत माझी लॉन चेअर, तिच्यावर चादर गुंडाळून अवंतिका, खुर्चीखाली लोखंडी कढईत निखारे आणि त्यावर धूर काढत पडलेला ओवा. बाजूला उमा, मांडीवर तेल लावलेलं बाळ, हातात धुपाटणं. पट्ट्यांची खुर्ची उमाला बाजेसारखी वाटली असणार.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "निखारे! बंद घरात! अलार्म झाकून! अगं, मी तीन आठवडे भिंती चाटतोय, आणि तू इथे होळी करून बसलीस? मला सांगायचंस तरी!"

"सांगायचं काय त्यात? दहा दिवस उलटले की धुरी सुरू करायचीच." उमा खरोखरच चकित झाली होती. "सगळं घर घमघमतंय रोज. तुम्ही खालून वर येता, त्या वासातच जेवायला बसता. मला वाटलं, एवढे कटकटे गृहस्थ काही बोलत नाहीत म्हणजे यांना चालतंय."

"आणि आकडा रोज चढत होता तो?"

"तो जंगलाच्या धुराचा, असं तुम्हीच म्हणत होता. ओवा काय प्रदूषण आहे का?"

मी अवंतिकाकडे वळलो. "तुला तरी कळायला हवं होतं."

"आय डिड टेल हर, पहिल्या दिवशी," अवंतिका म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते, धुरानं की कशानं कोण जाणे. "पण बाबा, तुम्ही बर्थडेची मेणबत्तीसुद्धा लावू देत नाही. यू वर राइट देअर अँड यू सेड नथिंग. सो आय थॉट इट मस्ट बी ओके. आणि मला बरं वाटत होतं. कंबर शेकून निघायची." मग तिनं विचारलं, "तुम्हाला वास आला नाही?"

"बाहेर एवढा धूर आहे, कोणाला काय वास येणार? त्यात फर्नेसची कोरडी हवा. माझं नाक चोंदलंय," मी म्हटलं, आणि कढई उचलून सिंकमध्ये उपडी केली.

नंदनरावांनी सगळं फार समजुतीनं घेतलं. उमानं धुरी बंद करायचं कबूल केलं, कंबरेला गरम पाण्याची पिशवी आली, शॉवर कॅप निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं त्या डबीसमोर उभे होतो. अकरा. नाश्त्यानंतर दहा. आकडा जागचा हलला नाही. नंदनराव म्हणाले, "मग काय प्रश्नच मिटला. बारसं इथेच. मी तोपर्यंत इथूनच काम करतो." मी त्यांना मिठी मारली नाही इतकंच. सबंध दिवस मी कोणावर ओरडलो नाही, असं उमानं नंतर सांगितलं.

आणि बारशाच्या आठवड्यात पाऊस झाला. चांगला दीड दिवस, धो धो. आकाश धुऊन निघालं. माळाच्या पार टोकापर्यंत दिसायला लागलं. सकाळी उठून फोन बघतो तर बाहेरचा आकडा सहा! मी कितीतरी वर्षांत मे महिन्यात सहा पाहिला नव्हता. मी टेपा ओढून काढल्या, घरभर खिडक्या उघडल्या. अवंतिका आंघोळीला गेली होती, उमा स्वयंपाकघरात, नंदनराव मीटिंगमध्ये. मी नातीला दुपट्यात गुंडाळलं आणि मागच्या डेकवर नेलं. महिन्याची पोर, तिनं आकाश म्हणून काही पाहिलंच नव्हतं. मी तिला मांडीवर घेऊन बसलो आणि सांगत बसलो, बघ, हा माळ, ही आजोबांची रिफायनरी, बघ किती स्वच्छ हवा आहे आणि तुझे बाबा उगीच घाबरत होते. रिफायनरीकडून सुखद वारा येत होता. ती तोंड वेडंवाकडं करत होती, मग रडायला लागली. मला वाटलं उजेड डोळ्यांवर येतोय. मी दुपटं जरा पुढे ओढलं आणि बसून राहिलो. चांगला वेळ बसलो.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार धाडकन उघडलं.

"अहो, आत आणा तिला! वेड लागलंय का तुम्हाला?" उमानं पदर नाकाला लावला होता.

"काय झालं? सहा आहे आकडा. हा बघ." मी फोन पुढे केला.

"आग लागो त्या आकड्याला! उलटी होईल इतका वास येतोय!"

तिच्या मागून अवंतिका आली, ओल्या केसांनी. तिनं एक हात नाकावर दाबला आणि दुसऱ्या हातानं बाळ माझ्या मांडीवरून उचललं आणि आत गेली. नंदनराव दारात येऊन खोकत परत फिरले. पलीकडे रॉनी भराभर खिडक्या लावत होता. त्यानं माझ्याकडे बघून नाक चिमटीत धरलं आणि मान हलवली. मी डेकवर उभा राहून श्वास घेतला. पुन्हा घेतला. थंड, ओली, पावसानंतरची हवा. दुसरं काहीही नाही.

घरातली डबी काय किंवा फोनवरचा बाहेरचा आकडा काय, दोन्ही धूर मोजतात, वायू मोजत नाहीत. हे मला माहीत होतं. गावात दुसऱ्या कोणाला आठवलं नसतं तरी मला आठवायला हवं होतं.

बाळाला काही झालं नाही. आत नेल्यावर जरा वेळानं शांत झाली, दूध प्यायली. गावच्या सूचना सांगणाऱ्या नंबरावरून संदेश आला की कुठल्यातरी टाकीच्या दुरुस्तीत वास सुटला आहे, धोका नाही, खिडक्या बंद ठेवा. आम्ही सगळे बैठकीच्या खोलीत बसलो होतो. अवंतिका उठून आत गेली, हिंगाची डबी आणली आणि उघडून माझ्या नाकासमोर धरली. मी डबीत डोकावलो. मग तिनं धुरीसाठी आणलेला ओवा हातावर चुरून धरला. मग कॉफी. मी मान फिरवली.

"कधीपासून?" उमानं विचारलं.

"मला काय माहीत? येत नाही म्हणजे कळणार कसं?"

"मग रोज जेवायला बसताना 'वा, आमटीचा काय वास सुटलाय' म्हणता ते?"

"सवयीनं म्हणतो."

 उमा चिडली असती तर मला कसं उत्तर द्यायचं ते ठाऊक होतं. ती चिडली नाही.

"बाबा, इट्स ओके," अवंतिका माझ्या शेजारी येऊन बसली. "आपण विंडोज बंद ठेवू. बारशाला चारच दिवस आहेत. वी आर नॉट गोइंग एनीव्हेअर."

मला हेच ऐकायचं होतं. महिनाभर याच एका वाक्यासाठी मी जिवाचं रान केलं होतं, आणि आता ती ते मला बरं वाटावं म्हणून म्हणत होती. पोरीच्या मांडीवर पोर झोपली होती. तिचं तोंड उघडं होतं, छाती भराभर वरखाली होत होती. माझी प्रचंड चिडचिड झाली. टाकीवर, वाऱ्यावर, त्या सहा आकड्यावर, आणि हो म्हणायला टपलेल्या माझ्या स्वतःच्या जिभेवर.

"नाही," मी म्हणालो. "नंदनराव, तिकिटं काढा. उद्याची मिळाली तर उद्याची."

"बाबा, पण बारसं... तुम्ही सगळ्यांना बोलावलंय."

"मी फोन करून सांगतो सगळ्यांना. अहो, या घरात हवा चांगली आहे की वाईट, हे सांगायचा मक्ता मी घेऊन बसलो होतो. मी पोरीला त्यात घेऊन बसलो आणि तिला गोष्टी सांगत होतो. ती रडत होती आणि मी दुपटं सारखं करत होतो. घेऊन जा."

अवंतिका रडायला लागली. नंदनरावांनी फोन काढला. इतके दिवस त्यांना हेच करायचं होतं, पण त्यांचं बोट चालेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग उमाकडे. "दोन सीट्स ना? बाळाचं तिकीट वेगळं लागत नाही."

"तीन," उमा म्हणाली. "अर्धं बाळंतपण टाकून मी इथे काय करू?"

"आणि मी?" असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी ते गिळलं. उमा वरच्या खोलीत बॅगा काढायला गेली. खालच्या खिडक्या लगेच लावल्या होत्या, पण सकाळी मीच उघडलेल्या वरच्या तशाच होत्या, कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मी वर गेलो आणि एकेक बंद करायला लागलो. शेवटच्या खिडकीपाशी थांबलो. बाहेर सगळं लख्ख दिसत होतं.

"उमा," मी हाक मारली. "अजून येतोय का गं वास?"

"येतोय," ती आतून म्हणाली. "लावा."